तलावांच्या मुलखातील आडरस्ते सायकलींसाठी राखावेत : एक खुले पत्र

प्रति,
पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन;
भंडारा व गोंदिया जिल्ह्यांच्या जिल्हा नियोजन समित्या;
दोन्ही जिल्हा परिषदांचे बांधकाम विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग व वन विभाग यांस

विषय : भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील जंगल, टेकड्या व तलाव यांमधून जाणाऱ्या आडरस्त्यांचे सायकल-भ्रमंतीसाठी जाळे निश्चित करणे आणि ते रस्ते आहेत तसे जपणे याबाबत.

महोदय, महोदया,

मी भंडारा जिल्ह्यात राहणारा एक निवृत्त शिक्षक आहे. पाऊस उघडल्यापासून होळीपर्यंतच्या दिवसांत, कॅरिअरला दोन पिशव्या बांधून, या दोन जिल्ह्यांच्या गावरस्त्यांवरून मी गेली चौदा वर्षे सायकलने हिंडतो आहे. या हिंडण्याची एक नोंदवही ठेवली आहे. कोणत्या फाट्यावर कोणता रस्ता कुठे जातो, चढ कुठे आहे, सावली कुठपर्यंत आहे, प्यायचे पाणी कोणत्या गावात मिळते आणि दिवस मावळायच्या आत कुठून परत फिरले पाहिजे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. त्या नोंदवहीच्या आधारावर आपणांसमोर एक विनंती ठेवतो आहे. ती आधीच सांगतो, म्हणजे पुढचे सारे तिच्या संदर्भात वाचले जाईल : या दोन जिल्ह्यांत सायकलने प्रवास करणाऱ्यांसाठी नवा एकही रस्ता बांधू नये. जे आहेत त्यांतले काही निवडावेत, त्यांच्या फाट्यांवर क्रमांकाच्या पाट्या लावाव्यात आणि निवडलेले रस्ते रुंदीकरणापासून व अवजड वाहनांपासून वाचवावेत.

मागणी लहान आहे. तरीही तिच्यासाठी इतके लांब पत्र लिहावे लागते, कारण ‘सायकल’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लगेच शहरातल्या रस्त्याकडेची लाल-हिरव्या रंगाची पट्टी डोळ्यांसमोर येते, किंवा मग महामार्गावर ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर कापणारे शर्यतीचे सायकलस्वार. त्या दोन्ही गोष्टींविषयी माझे काही म्हणणे नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करणारी तरुण मंडळी नागपूरहून आमच्याकडे येतात, त्यांच्या जिद्दीचे मला कौतुकच आहे. पण मी ज्याविषयी लिहितो आहे तो प्रवास निराळा आहे. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, तेही थांबत थांबत, सामान बरोबर घेऊन, रात्री एखाद्या गावात मुक्काम करून, असा हा प्रवास असतो आणि त्याला लागणारी भूमी आपल्या राज्यात दर ठिकाणी मिळत नाही. सह्याद्रीचे घाट देखणे आहेत, पण सामान लादलेल्या सायकलीला आणि साधारण तब्येतीच्या माणसाला ते दमवतात. सपाट प्रदेशात दम लागत नाही, पण मैलोगणती एकच देखावा पाहत उन्हातून जावे लागते. या दोहोंच्या मधली, म्हणजे हलक्या चढ-उतारांची, झाडांनी झाकलेली आणि दर थोड्या अंतरावर पाण्याशी नेणारी भूमी वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी म्हणवणाऱ्या भागात आहे.

ती तशी का आहे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझी सारी विनंती त्यावर उभी आहे. या भागात टेकड्या आहेत, पण त्या एकमेकींपासून सुट्या आणि ठेंगण्या. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेतून पावसाचे पाणी वाहून जाई. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी अशा जागा हेरून दोन टेकड्यांना जोडणाऱ्या मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवले आणि पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान शेते, पाडल्या. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, तिथले त्याच्याही खालच्या बोडीत, अशी ती उतरती माळ असे. पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, या तलावांची व्यवस्था होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचे ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलीत ‘मामा तलाव’, असे नाव पडले. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. नवेगावचा मोठा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक अजूनही सात बहिणी म्हणतात.

आता या रचनेचा रस्त्यांशी काय संबंध? गाव तलावाच्या पाळीखाली वसले. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारी खाचरांची, म्हणजे बैलगाड्यांची, वाट बैलांना झेपेल अशा चढानेच टेकडीच्या खांद्यावर चढली, पलीकडे उतरली आणि पुढच्या तलावाच्या पाळीवरून किंवा पाळीच्या कडेने गेली. नंतर खडीकरण आणि डांबरीकरण झाले ते पुष्कळ ठिकाणी याच वाटांवर. रस्तेबांधणीच्या संकेतांत सपाट व हलक्या उंचसखल प्रदेशासाठी तीसास एक, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३३ मीटर, हा सर्वसाधारण चढ धरला जातो. आमच्या गावरस्त्यांवर या मर्यादेपर्यंतचा चढही फार वेळ टिकत नाही. पाचसात मिनिटे चढायचे, मग तितकेच उतरायचे, आणि उताराच्या तळाशी बहुधा पाणी लागते. सायकलस्वाराच्या पायांना आणि मनाला या लयीहून बरे काही नसते. बैलांच्या सोयीसाठी आखलेला चढ सायकलीला इतका मानवतो, ही गोष्ट मला दरवेळी नव्याने आनंद देते.

एका दिवसाचे वर्णन करतो, म्हणजे कागदावरची मागणी डोळ्यांना दिसेल. गोंदिया–नागभीड–बल्लारशाह लोहमार्गावरच्या अर्जुनी स्थानकावर सकाळी उतरावे. नवेगावबांधकडे निघाले की पहिल्या काही किलोमीटरांतच धानाच्या बांध्या दोन्ही बाजूंना लागतात. नोव्हेंबर असेल तर कापणी उरकत आलेली असते, शेतांत पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचलेले असतात आणि रस्त्याच्या अर्ध्या भागावर कुणीतरी धान वाळत घातलेले असते. तिथे सायकलवरून उतरून कडेने चालत जावे, हा इकडचा साधा शिष्टाचार आहे. पुढे बांध्या संपून ऐन, धावडा, बीजा, तेंदू यांचे रान सुरू होते. हिवाळ्यात सकाळी तलावावर धुके असते आणि त्यातून स्थलांतरित बदकांचे आवाज येतात, पक्षी मात्र बराच वेळ दिसत नाहीत. नवेगावबांधला पोहे-चहा घेऊन प्रतापगडाकडे वळावे. त्या टेकडीवर महादेवाचे देऊळ आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. तिथून गोठणगावच्या बाजूला गेले की अचानक रंगीत प्रार्थनापताका आणि बौद्ध विहार दिसतो. १९७२ मध्ये वसवलेली तिबेटी निर्वासितांची ही वसाहत आहे. धानाच्या शेतांत, मोहाच्या झाडांखाली, हिमालयातून आलेली माणसे दोन पिढ्यांपासून शेती करीत आहेत, हे मोटारीच्या खिडकीतून पाहणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते. पुढे गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, आणि दुपार कलताना परत अर्जुनी. या फेरीत कष्टाचा म्हणावा असा एकही चढ नाही. सायकल चालवणारी दहावीतली मुलगी आणि साठीचा माणूस दोघांनाही हा मार्ग सारखाच जमतो. मी दोघांनाही तो करताना पाहिले आहे.

अशाच फेऱ्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा आणि बोदलकसा या तलावांच्या बाजूला आहेत, तुमसर तालुक्यात चांदपूर तलावाकडे आहेत, आणि वैनगंगेकाठच्या पवनीला, जिथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले, तिथेही आहेत. त्यांचे वर्णन इथे करीत बसत नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याहून आलेले चार सायकलस्वार मला साकोलीला एका पानठेल्यावर भेटले. त्यांना छत्तीसगडपर्यंत जायचे होते. नागपूरपासून ते राष्ट्रीय महामार्ग ५३ ने, ट्रकांच्या रांगेतून, धुरातून, दुभाजकांच्या कडेकडेने आले होते आणि त्यांच्यापैकी एकाने अगदी प्रामाणिकपणे मला विचारले की, या जिल्ह्यात तलाव पुष्कळ आहेत असे ऐकले होते, ते कुठे असतात? महामार्गापासून अवघ्या काही किलोमीटरांवर त्याला समांतर जाणारे गावरस्ते होते. ते नकाशात होतेही. पण कोणता रस्ता डांबरी आहे, कोणता शेतात जाऊन संपतो, कोणता जंगलातून जातो आणि तिथे जायला परवानगी आहे की नाही, हे नकाशा सांगत नाही, आणि फाट्यावर पाटी नव्हती. मी त्यांना नोंदवहीतली दोन पाने उतरवून दिली. त्यांनी पुढचा टप्पा आतल्या रस्त्यांनी केला आणि रात्री फोन करून आनंदाने सांगितले की दिवसभरात मोजून सहा मोटारी भेटल्या. माझी विनंती त्या दोन पानांतून निघाली आहे. जे दोन पानांत मावले ते फाट्यांवर लिहिता येईल.

फाट्यांवर कसे लिहावे, याचे एक उत्तम उदाहरण बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात आहे. तो कोळशाच्या खाणींचा प्रदेश होता. खाणी बंद पडत गेल्या, तेव्हा त्या झाडाझुडपांच्या भागात सायकलस्वारांना आणण्याचा विचार झाला आणि १९९५ मध्ये खाणीत काम केलेल्या एका अभियंत्याच्या कल्पनेवरून तिथे एक साधी पद्धत सुरू झाली. जमिनीखालच्या बोगद्यांच्या फाट्यांना जसे क्रमांक असतात, तसे जमिनीवरच्या रस्त्यांच्या फाट्यांना दिले. प्रत्येक फाट्यावर त्या जागेचा क्रमांक आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या टोकाशी पुढच्या फाट्याचा क्रमांक असतो. प्रवासी सकाळी आठ-दहा आकडे कागदावर लिहून घेतो आणि त्यांच्या मागे जातो. कुणाला लहान फेरी हवी असेल तर तो मधल्या आकड्यावरून वळतो. ठरावीक एकच मार्ग सर्वांवर लादला जात नाही. ही पद्धत पुढे बेल्जियमभर आणि नेदरलँड्समध्ये पसरली. तिला लागली ती मुख्यतः विचारपूर्वक निवड आणि पाट्या. रस्ते होतेच. आमच्याही तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या कामगारांना ही पद्धत समजावून सांगायला एक मिनिटही लागणार नाही.

माझी सूचना अशी की, आपल्याकडे क्रमांकाबरोबर जवळच्या तलावाचे किंवा बोडीचे नाव पाटीवर यावे. आज या तलावांची नावे गावातल्या म्हाताऱ्यांना आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना माहीत आहेत, महसुली कागदांत ती नुसत्या गट क्रमांकांखाली दडली आहेत. पाटीच्या निमित्ताने ती रस्त्यावर येतील. पाटी मराठीत, ठळक, सायकलवरून दिसेल अशा उंचीवर असावी आणि तिच्यावर कुणाचेही छायाचित्र नसावे. याखेरीज फाट्यावर काहीही बांधू नये, एवढी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे पर्यटनासाठी निधी आला की प्रवेशद्वार, सिमेंटचे बाकडे आणि रंगवलेले प्राण्यांचे पुतळे उभे राहतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांची रया जाते. मोहाच्या झाडाखालची सावली हे आमचे बाकडे आहे.

आता रस्त्यांविषयी. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, अशी विभागणी आहे. माझ्या नोंदवहीतले बहुतेक रस्ते या शेवटच्या दोन वर्गांतले आहेत. त्यांतले कितीतरी प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झाले आणि त्यांची डांबरी रुंदी साधारणपणे पावणेचार मीटर आहे. समोरून मोटार आली तर दोघांनाही वेग कमी करावा लागतो, बाजूपट्टीवर उतरावे लागते. नेमकी हीच गोष्ट सायकलस्वाराचे रक्षण करते. असा रस्ता दुपदरी झाला की त्याच्यावरचा वेग वाढतो, वळणे सरळ होतात, आणि कडेची चिंच, आंबा, मोह, कडुनिंब ही झाडे जातात. दरवर्षी जाणाऱ्या एका रस्त्यावर मी एका उन्हाळ्यानंतर गेलो, तर सहा किलोमीटरांची सावली नाहीशी झालेली होती. काम कोणत्या यंत्रणेने केले हे इथे लिहिण्यात अर्थ नाही, कारण तक्रार एका कामाची नाही. गावाला दवाखान्यात जायला, धान बाजारात न्यायला चांगला रस्ता हवाच, आणि जिथे वर्दळ खरोखर वाढली आहे तिथे रुंदीकरणाला माझा विरोध नाही. पण दोन गावांना जोडणारे दोन रस्ते जिथे आहेत, तिथे एक रुंद करावा आणि दुसरा अरुंद, सुस्थितीत आणि सावलीत राहू द्यावा, एवढी निवड आधी कागदावर करता येते. आज ती कुणी करीत नाही, म्हणून दोन्ही रस्ते एकामागून एक सारखेच होत जातात.

त्याहून तातडीचा प्रश्न रेतीच्या टिप्परांचा आहे. वैनगंगेची रेती नागपूरच्या बांधकामांना जाते, आणि ती वाहणारी वाहने मुख्य रस्त्यावरची तपासणी चुकवण्यासाठी गावरस्त्यांवर येतात, हे या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही सरपंचाला विचारावे. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला रस्ता त्या ओझ्याखाली एका हंगामात फुटतो. अशाच एका रस्त्यावर मी खड्डे चुकवीत चाललो असताना शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) बसलेल्या एका आजीबाईंनी मला थांबवले आणि म्हणाल्या, “पाळीपाळीनं जाय ना बाबू, सडकेनं कायले जातेस? टिप्पर येतेत.” त्यांचा नातू त्याच सडकेने शाळेत जातो. निवडलेल्या मार्गांवर अवजड वाहनांना बंदी घातली आणि दोन्ही टोकांना उंचीरोधक कमानी लावल्या, तर तिचा पहिला लाभ आमच्यासारख्या पाहुण्यांना मिळणार नाही, त्या मुलाला मिळेल. धानाच्या हंगामात शेतमालाच्या वाहनांना मात्र मोकळीक असली पाहिजे, त्यासाठी कमानीचा अडसर काढता येईल असा ठेवावा.

शाळेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या कोणत्याही गावरस्त्यावर उभे राहावे, निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचे घोळके सायकलींवरून जाताना दिसतात. सायकल इथे छंदाची वस्तू नाही. मी तीस वर्षे वर्गात शिकवले. सायकल मिळाल्यामुळे शाळा सुटली नाही अशा मुलींची नावे मी सांगू शकतो. शासनाने सायकल दिली, हे फार चांगले काम झाले. ती ज्या रस्त्यावरून चालते तो रस्ता तिला सुरक्षित असावा, हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे, आणि सायकल-भ्रमंतीच्या जाळ्याची निवड करताना या मुलींचे शाळेचे रस्ते आधी घ्यावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

वन विभागास उद्देशून थोडे अधिक लिहितो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ च्या डिसेंबरात घोषित झाला. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून महामार्ग जातो, आणि वन्यप्राणी या दोन रानांमध्ये ये-जा करतात, म्हणून मधली शेते, बोड्या आणि झुडपी जंगल हा त्यांचाही रस्ता आहे. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या आत सायकल नेण्याची परवानगी मी मागत नाही. एकदा हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजता एका नाक्यावरच्या वनरक्षकाने मला पुढे जाऊ दिले नाही, बारा किलोमीटर मागे पाठवले. मला तेव्हा राग आला होता. दुसऱ्या दिवशी कळले की त्या रस्त्यावर आदल्या रात्री वाघाने गोऱ्हा मारला होता. त्या वनरक्षकाचा मी ऋणी आहे. सायकलीला आवाज नसतो, ती जनावराच्या अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला कळत नाही, आणि अस्वल अचानक समोर आले तर दोघेही घाबरतात. २०२१ नंतर छत्तीसगडकडून आलेले रानहत्ती गडचिरोलीत आणि पुढे अर्जुनी मोरगावच्या बाजूलाही फिरले आहेत. त्यांच्या वाटेत सायकलस्वाराने कधीही येऊ नये.

म्हणून जाळ्यातला प्रत्येक जंगलाचा तुकडा वन विभागाने स्वतः पाहून मान्य करावा, नको वाटेल तो सरळ वगळावा. मान्य तुकड्यांवर प्रवासाच्या वेळा ठरवाव्यात, माझ्या अनुभवाने त्या सकाळी आठ ते दुपारी चार अशा असाव्यात. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, बायामाणसे पहाटेपासून झाडांखाली फुले वेचतात आणि अस्वलेही त्याच फुलांसाठी येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असते. या काळात जंगलाचे तुकडे बंदच ठेवावेत. तसेही आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा दूरच्या पाहुण्याला सायकल चालवायला बोलावणे हा त्याच्यावर अन्याय होईल. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत या बांध्यांचा हिरवा रंग पाहण्यासारखा असतो, पण ओढ्यांवरचे ठेंगणे पूल पाण्याखाली जातात. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे साडेचार महिने, एवढाच आमचा हंगाम. वाघ, हत्ती किंवा वणवा यांमुळे एखादा तुकडा त्या दिवशी बंद असेल, तर ज्या फाट्यावरून तो सुरू होतो त्याच्या पाटीवर लाल फळी फिरवता यावी. ती फिरवण्याचे काम गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाला (वन्यप्राणी गावाजवळ आल्यास लोकांना सावध करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाला) किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीला द्यावे. जंगल कसे आहे, हे त्यांना रोज ठाऊक असते.

यातली पुष्कळ गावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेली आहेत. त्यांच्या हद्दीतून मार्ग जाणार असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी व्हावा, पाटी नंतर लागावी. हा क्रम उलटा झाला तर पाट्या उखडल्या जातील आणि ते योग्यच होईल.

मुक्कामाविषयी माझी अपेक्षा साधी आहे. सायकलस्वाराला वातानुकूलित खोली लागत नाही. स्वच्छ संडास, आंघोळीला गरम पाणी, रात्री भात-वरण, तलावातल्या मासळीचा रस्सा खाणाऱ्याला तोही, आणि सायकल आत ठेवायला जागा, एवढे पुरते. शेवटची अट लहान वाटेल, पण एका तालुक्याच्या ठिकाणी सायकली आत घेता येणार नाहीत म्हणून आम्हा तिघांना रात्री साडेआठला दुसरी जागा शोधावी लागली होती. सायकल हीच आमची घरी परतण्याची गाडी असते, ती रस्त्यावर सोडून झोप लागत नाही. शासनाची निवास-न्याहारी योजना आहे, २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. दोन्हींत नोंदणी करू इच्छिणाऱ्या गावकऱ्याला तालुक्यालाच अर्ज भरता यावा, त्याला जिल्ह्याच्या फेऱ्या पडू नयेत. मोटारीने येणारा पाहुणा सहसा अभयारण्याच्या फाटकाजवळच्या रिसॉर्टवर उतरतो आणि तिथूनच परत जातो, मधल्या गावांत तो थांबत नाही. सायकलस्वाराला दर दहा-बारा किलोमीटरांवर थांबावेच लागते, आणि तो थांबतो तिथे चहा, केळी, पंक्चरची पट्टी असे काहीतरी विकत घेतो. या रकमा लहान आहेत हे मला मान्य आहे. पण त्या बचत गटाच्या बायकांच्या, पानठेल्याच्या आणि सायकल दुरुस्तीवाल्याच्या हातात थेट पडतात.

कामाला सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत असे की सबंध दोन जिल्हे एकदम हाती घेऊ नयेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली मी वर सांगितलेली फेरी आधी घ्यावी. तिथे रेल्वे आहे, मुक्कामाला नवेगावबांध आहे, आणि रस्ते आजच्या घडीला बऱ्या अवस्थेत आहेत. जिल्हा नियोजन समितीने पाट्यांचा खर्च उचलावा, जिल्हा परिषदेने बाजूपट्ट्यांवर मुरूम टाकावा आणि गवत काढावे, वन विभागाने तुकडे व वेळा ठरवाव्यात, आणि पर्यटन विभागाने फाट्यांच्या क्रमांकांचा एक साधा छापील नकाशा मराठीत काढून अर्जुनी व गोंदिया स्थानकांवर ठेवावा. सायकल गाडीत चढवण्याची सोय व्हावी म्हणून रेल्वेकडे स्वतंत्र अर्ज करतो आहे. एका हंगामानंतर गावकऱ्यांना, वनरक्षकांना आणि आलेल्या प्रवाशांना विचारून काय चुकले ते पाहावे, मग पुढच्या तालुक्यात जावे.

माझ्या नोंदवहीत या फेरीतल्या एकोणतीस फाट्यांचे वर्णन, अंतरे आणि मला माहीत असलेली तलावांची नावे आहेत. तिची प्रत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी येत्या सोमवारी आणून देतो. आपल्यापैकी कुणा अधिकाऱ्याला किंवा अभियंत्याला हा मार्ग सायकलवरून पाहायचा असेल, तर नोव्हेंबरातल्या कोणत्याही रविवारी सकाळच्या गाडीने अर्जुनीला उतरावे. मी स्थानकावर हजर राहीन, सायकल नसेल तर गावातून चांगली सायकल मिळवून ठेवीन, आणि दुपारी चारच्या आत आपल्याला परत स्थानकावर आणून सोडीन.

आपला विश्वासू,
भंडारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक व सायकलस्वार